बचत गट, मायक्रोफायनान्स आणि ‘सिबिल’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटांच्या बैठकांत, हप्त्याच्या मीटिंगमध्ये आणि आमच्या मदत क्रमांकावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न कर्जदार महिलांचे आहेत, शेवटचे दोन कर्ज देणाऱ्या छोट्या संस्थांचे. एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिबिल म्हणजे नेमकं काय? ते सरकारी असतं का?

सरकारी नाही. कोणी कोणाकडून किती कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद ठेवणाऱ्या खासगी कंपन्या असतात. त्यांना पत माहिती कंपन्या म्हणतात. भारतात अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल २००० साली मुंबईत सुरू झाली. ती सगळ्यांत जुनी, म्हणून लोक सगळ्याच नोंदींना ‘सिबिल’ म्हणतात. या कंपन्या २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत चालतात.

कर्ज द्यायचं की नाही हे सिबिल ठरवत नाही, ते बँक किंवा संस्था ठरवते. ‘सिबिलने नाकारलं’ असं कोणी सांगितलं तर निर्णय कोणाचा होता, हे विचारा.

२. माझं कर्ज जेमतेम तीस हजारांचं. एवढ्या लहान कर्जाची नोंद कशाला करतात?

२०१० साली आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरीब कुटुंबांना तारणाशिवाय छोटी कर्जं देण्याच्या व्यवसायाचं, मोठं संकट आलं. एकाच बाईला चार-पाच कंपन्यांनी कर्ज दिलं होतं आणि कोणालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. हप्त्यांचा बोजा कुटुंबांच्या कमाईपेक्षा मोठा झाला, वसुलीच्या जाचाने आत्महत्याही झाल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. छोट्या कर्जांचीही नोंद व्हावी आणि नवीन कर्ज देण्याआधी ती तपासावी, ही दिशा तिथून पक्की झाली.

त्यामुळे नोंद असणं ही शिक्षा नाही. तुम्ही दोन वर्षं बिनचूक हप्ते भरले, तर तोच कागद उद्या शिलाई मशीनसाठी बँकेत उपयोगी पडतो. आमची तळमळ एवढीच आहे की ती नोंद खरी असावी आणि ज्या बाईची आहे तिने ती एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेली असावी.

३. बचत गटातलं कर्ज सिबिलवर दिसतं का?

गटात दोन प्रकारची कर्जं असतात. बचतीच्या पैशातून सदस्यांना दिलेलं अंतर्गत कर्ज कोणत्याही पत माहिती कंपनीकडे जात नाही. ते गटाच्या वहीत राहतं.

बँकेने गटाला दिलेलं कर्ज मात्र कळवलं जातं. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की बँकांनी गटाबरोबर सदस्यांचीही माहिती पाठवावी. म्हणूनच बँक प्रत्येक सदस्याचं आधार, मतदार ओळखपत्र आणि तिच्या वाट्याला किती रक्कम आली हे मागते. इथे एक काळजी घ्या. गटाच्या नावावर तीन लाख आले आणि तुम्ही एक रुपयाही उचलला नसेल, तर ठरावात तसं स्पष्ट लिहा. ‘सगळ्यांना सारखं वाटलं’ असं सवयीने लिहून टाकलं की न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसू शकतं.

४. पतसंस्था, भिशी, सावकार, सोनेतारण यांचं काय?

सोनेतारण बँकेतलं किंवा फायनान्स कंपनीतलं असेल तर दिसतं. मोबाइल ॲपवरून घेतलेलं पाच हजारांचं कर्जही दिसतं, कारण मुदत कितीही कमी असली तरी ते कळवावं लागतं. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका याही कायद्याच्या कक्षेत आहेत.

पतसंस्थेचं वेगळं आहे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात नसते. त्यामुळे तिचं कर्ज सहसा सिबिलवर येत नाही. पण येत नाही म्हणून बुडवता येतं, असं नाही. पतसंस्था कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून जप्तीपर्यंत जाऊ शकते आणि त्यात जामीनदारही सापडतात. उलट बाजूही तितकीच खरी: पतसंस्थेत दहा वर्षं चोख व्यवहार केलेल्या बाईला बँकेत गेल्यावर ‘तुमची काही हिस्ट्रीच नाही’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी पतसंस्थेकडून खातेउतारा आणि कर्जफेडीचा दाखला घेऊन अर्जाला जोडा.

भिशी आणि सावकाराचं कर्ज नोंदीत येत नाही.

५. माझा रिपोर्ट मी कसा बघू? पैसे लागतात का? बघितल्याने स्कोअर कमी होतो म्हणतात.

रिपोर्ट म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींचा कागद. प्रत्येक पत माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो. पॅन नसेल तर मतदार ओळखपत्रासारखा दुसरा पुरावा वापरता येतो. फुकट रिपोर्टची जागा संकेतस्थळावर ठळक दाखवणं बंधनकारक आहे, तरी आधी पैसे देऊन घ्यायच्या योजना पुढे येतात. घाई करू नका.

स्कोअर म्हणजे या नोंदींवरून काढलेला आकडा, जितका जास्त तितका चांगला. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने तो कमी होत नाही. थोड्या दिवसांत पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज केले तर मात्र परिणाम होतो.

मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर सीआरआयएफ हाय मार्कपासून सुरुवात करा, मग बाकीच्या बघा. एका कंपनीकडे नोंद बरोबर आणि दुसरीकडे चूक, असं बऱ्याचदा सापडतं.

६. रिपोर्ट हातात आला, आता त्यात काय बघायचं?

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण आधी त्याच्याकडे बघू नका. आधी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल तपासा. मग कर्जांची यादी: प्रत्येक कर्ज तुमचंच आहे का आणि फिटलेलं कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतं का? त्यानंतर महिन्यांचे चौकोन. तिथे किती दिवस थकलं ते आकड्यात असतं. शून्य म्हणजे वेळेवर.

‘सेटल्ड’ म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटवलं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे संस्थेने हिशेबातून निर्लेखित केलं, पण त्याने कर्ज माफ होत नाही आणि देणं उभंच राहतं. शेवटी चौकशांची यादी असते. तुम्ही कधी न गेलेल्या संस्थेचं नाव तिथे दिसलं तर सावध व्हा आणि प्रश्न १३ वाचा.

७. मी आजवर कर्जच घेतलं नाही. स्कोअर उणे एक आहे म्हणून बँकेने परत पाठवलं. हे बरोबर आहे का?

नाही. उणे एक किंवा ‘एनएच’ म्हणजे इतिहास नाही, वाईट इतिहास नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. बँक उत्पन्न, धंदा, खात्यातली उलाढाल बघू शकते आणि त्यावरून नकारही देऊ शकते, पण कारण लेखी मागा. बँकेने तुमचा रिपोर्ट काढला असेल तर त्याची प्रत शुल्क भरून मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम २१ ने दिला आहे.

पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीसारखं छोटं कर्ज घेऊन फेडणं, हा इतिहास तयार करायचा चांगला रस्ता आहे. गरज नसताना केवळ स्कोअरसाठी कर्ज काढू नका.

८. हप्ता चार दिवस उशिरा गेला. सगळं बिघडलं का?

बहुधा नाही. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांनी किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवायची आहे. त्या दिवशी थकबाकी असेल तर ती दिसते. १० तारखेचा हप्ता १४ ला भरला तर उशीर नोंदीत येण्याची शक्यता कमी. १४ चा हप्ता १८ ला भरला तर येऊ शकतो. उशीर होणारच असेल तर या तारखा लक्षात ठेवून पैशांची जुळणी करा.

९० दिवसांच्या पुढे थकलं की खातं अनुत्पादक, म्हणजे बुडण्याच्या वाटेवरचं, धरलं जातं, आणि तो शेरा जड असतो. विलंब शुल्क फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतं, संपूर्ण कर्जावर नाही.

९. मी सगळे हप्ते मीटिंगमध्ये रोख दिले. तरी थकबाकी दिसते. साहेब आता नोकरी सोडून गेले म्हणतात.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत जास्त त्रास यातच आहे. पैसे प्रामाणिकपणे दिलेल्या बाईच्या नावावर डाग राहतो आणि तिलाच सांगितलं जातं की सिद्ध कर.

तर पहिली गोष्ट: वसुली करणाऱ्या माणसाने पैसे जमा केले नाहीत तर जबाबदारी संस्थेची आहे. तो कर्मचारी असो की एजन्सीचा, संस्थेला हात झटकता येत नाहीत. दुसरी: मायक्रोफायनान्सच्या प्रत्येक कर्जदाराला कर्जकार्ड देणं, त्यावर मिळालेला प्रत्येक हप्ता आणि शेवटी कर्ज फिटल्याची नोंद करणं बंधनकारक आहे, तेही तिला समजेल अशा भाषेत. ते कार्ड हाच तुमचा पुरावा. कार्ड साहेबांकडे ठेवायला देऊ नका. ‘सगळ्यांची कार्डं मी एकदम भरून आणतो’ या वाक्यातून बरीच प्रकरणं सुरू झाली आहेत.

कार्ड नसेल तर मीटिंगच्या हजेरीची वही, त्या दिवसाचा मोबाइलवरचा संदेश, गटातल्या इतर बायकांचे लेखी जबाब, जे मिळेल ते गोळा करा. बायका घाबरतात की आपण सही केली तर आपलंही कर्ज अडकेल. म्हणून एकटीने न जाता चार-पाच जणींनी एकत्र अर्ज द्या. पुढची पद्धत प्रश्न १० मध्ये आहे.

१०. नोंद चुकीची आहे. तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

कर्ज देणाऱ्या संस्थेकडे किंवा पत माहिती कंपनीकडे, दोन्हीकडे चालते. आम्ही दोन्हीकडे एकाच दिवशी करायला सांगतो. अर्ज लेखी हवा. कर्ज खात्याचा क्रमांक, काय चुकलंय, काय हवंय, सोबत पुराव्याच्या झेरॉक्स, आणि पोच. शाखा पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत ती मिटली पाहिजे. त्यातले २१ दिवस संस्थेला दुरुस्त माहिती पाठवायला असतात. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ज्याच्यामुळे उशीर झाला तो ती देतो, संस्था किंवा पत माहिती कंपनी. तक्रारीत बँक खात्याचा क्रमांक लिहायला विसरू नका. तक्रार फेटाळली तर कारण कळवावं लागतं. भरपाई नोंदीतल्या चुकीसाठी आहे. ‘स्कोअर कमी का काढला’ एवढीच तक्रार असेल किंवा प्रकरण कोर्टात असेल तर ती मिळत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पत माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

११. आधारवर सासरचं नाव, मतदार ओळखपत्रावर माहेरचं. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. आपल्याकडे लग्नानंतर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलतात. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. मग एकाच बाईच्या दोन अर्धवट फायली तयार होतात, किंवा त्याच गावातल्या त्याच नावाच्या दुसऱ्या बाईचं कर्ज तुमच्या फायलीत येतं. जन्मतारीख माहीत नाही म्हणून सगळ्यांनाच १ जानेवारी लावलेली असली की गोंधळ वाढतो.

आधी सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्या. कर्जाच्या फॉर्मवर पूर्वीचं नावही लिहा. आधीच गोंधळ झाला असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रत जोडून प्रश्न १० प्रमाणे तक्रार करा.

१२. आमच्या गटातल्या एकीने पैसे भरले नाहीत. माझं सिबिल खराब होईल का?

मायक्रोफायनान्सच्या संयुक्त जबाबदारी गटात, म्हणजे एकमेकींची हमी घेऊन कर्ज काढणाऱ्या गटात, प्रत्येकीचं कर्ज वेगळं नोंदलं जातं. तिचा उशीर तिच्या नावावर, तुमचा तुमच्या. तुम्ही कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये येऊ शकतं.

खरा धोका दुसरीकडे आहे. ‘पूर्ण गटाचे पैसे आल्याशिवाय कोणाचेच घेणार नाही’ असं सांगून वसुली अधिकारी तुमचा हप्ता परत करतो, आणि तुम्ही पैसे घेऊन बसलेल्या असताना तुमचं खातं थकतं. असं झालं तर त्याच दिवशी शाखेत किंवा यूपीआयने आपला हप्ता भरा आणि पुरावा ठेवा. तेही घेत नसतील तर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच लिहा. दुसरीसाठी तुम्ही पैसे भरले असतील तर त्याची वेगळी पावती घ्या, कारण ती रक्कम तुमच्या कर्जात वळती होत नाही.

१३. जावेला गरज होती म्हणून माझ्या नावावर काढून दिलं. ती आता भरत नाही. आणि माझ्या बहिणीच्या नावावर तर तिला न सांगता कोणी तरी काढलंय.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात सही तुमची, पैसे तुमच्या खात्यात आले, म्हणजे कायद्याने कर्ज तुमचं. जावेने दिले नाहीत हे रिपोर्टमधून काढून टाकायचं कारण होत नाही. तिच्याकडून लिहून घ्या, घरात बसून सोडवा, पण हप्ता थांबवू नका.

दुसरी फसवणूक आहे. बहिणीने पोलिसांत लेखी तक्रार द्यावी, तिची प्रत संस्थेला आणि पत माहिती कंपनीला द्यावी, आणि संस्थेकडे कर्जाचे कागद, सही, फोटो, पैसे कोणत्या खात्यात गेले याची मागणी करावी. यापुढे आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहायची सवय लावा.

१४. साहेब म्हणतात, ‘आज नाही दिलं तर सिबिल असं खराब करीन की जन्मात कर्ज मिळणार नाही.’

असा अधिकार कोणत्याही साहेबाला नाही. थकबाकी असेल तर ती आहे तेवढी कळवली जाते, आणि भरली की भरल्याची नोंद होते. धमकावणं, शिवीगाळ, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर दारात येणं किंवा फोन करणं मायक्रोफायनान्सच्या वसुलीत मना आहे. तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा आणि संस्थेकडे तक्रार करा.

१५. कर्जमाफी मिळाली, तरी बँक म्हणते सिबिल खराब आहे.

सरकारने संपूर्ण देणं भरलं असेल तर खातं ‘क्लोज्ड’ दिसायला हवं. बँकेने स्वतः काही रक्कम सोडली असेल, जसं एकरकमी तडजोडीत होतं, तर ‘सेटल्ड’ लागू शकतं. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतची थकीत पीक कर्जं माफ झाली. तिच्या लाभार्थ्यांनी बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे देणं शिल्लक नसल्याचा कागद, घ्यावा आणि रिपोर्टमध्ये काय कळवलं हे लेखी विचारावं. माफीपूर्वीचे थकीत महिने मात्र इतिहासात राहतात. पीक कर्जाला सिबिलची अट घालू नका असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे. शाखेत अडवलं तर जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला लिहा.

१६. नवरा वारला. त्याचं कर्ज माझ्या नावावर दिसेल का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर नाही. आधी कर्जाला विमा होता का ते बघा. अनेक कर्जांत हप्त्यांबरोबर त्याचा हप्ता कापलेला असतो. मृत्यू दाखला देऊन दाव्याची पोच घ्या आणि दावा मंजूर झाल्यावर खातं बंद झाल्याचं पत्र मागा.

१७. एक एजंट तीन हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतो.

देऊ नका. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. पत माहिती कंपन्या माहिती किमान सात वर्षं ठेवतात. त्या काळात थकबाकी भरून पुढचे हप्ते वेळेवर देणं, एवढाच उपाय आहे.

१८. माझे हप्ते वेळेवर आहेत, तरी चौथ्या संस्थेने कर्ज नाकारलं.

वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हा २०२२ पासूनचा नियम आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. महिन्याला १६ हजार येत असतील तर हप्त्यांची मर्यादा ८ हजार. नवऱ्याच्या गाडीचा हप्ताही त्यात धरला जातो. शिवाय मायक्रोफायनान्स संस्थांच्या ‘एमफिन’ या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी एका कर्जदाराला जास्तीत जास्त तीन संस्था आणि एकूण २ लाख अशी मर्यादा घातली आहे. नकार कडू लागतो, पण एक कर्ज फेडायला दुसरं काढणाऱ्या बायकांची अवस्था आम्ही बघतो, म्हणून या मर्यादेच्या बाजूने आम्ही ठाम आहोत. उत्पन्न वाढवून सांगून ती ओलांडू नका.

१९. आम्ही छोटी संस्था आहोत. आम्हाला माहिती कळवणं बंधनकारक आहे का?

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी किंवा सहकारी बँक असाल तर हो, आणि चारही कंपन्यांचं सदस्य व्हावं लागतं. पतसंस्थेची स्थिती प्रश्न ४ मध्ये सांगितली आहे. बचत गट किंवा ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) अंतर्गत कर्जाला हे लागू नाही. पण ग्रामसंघाने सदस्यांचे हप्ते व्यवस्थित लिहून ठेवले तर बँकेकडे जाताना तोच पुरावा होतो.

२०. आमच्या शाखेतून चुका कुठे होतात?

सुरुवातीला आणि शेवटी. सुरुवातीला फॉर्म भरताना नवऱ्याचं नाव अर्धवट लिहिलं जातं, किंवा गटप्रमुखाचाच मोबाइल दहा जणींच्या नावापुढे टाकला जातो. मग थकबाकी कळवल्याचा किंवा रिपोर्ट काढल्याचा संदेश दहाही जणींऐवजी एकीकडेच जातो. शेवटी कर्ज फिटतं आणि खातं बंद झाल्याची माहिती पत माहिती कंपनीला जाणाऱ्या पुढच्या फाइलमध्ये जायची राहते. पत माहिती कंपनीने परत पाठवलेल्या चुकीच्या नोंदी कोणी उघडूनही बघत नाही. शाखेत एका माणसाला हे काम नावाने द्या: परत आलेल्या नोंदी दुरुस्त करून पुन्हा पाठवणं, आणि दर पंधरवड्याला फिटलेल्या कर्जांची यादी पाठवलेल्या फाइलशी ताडून बघणं.